आलम आरा व भारतीय बोलपट

आलम आरा : भारतात निर्माण झालेला पहिला संपूर्ण बोलपट. मुंबईच्या इंपीरियल फिल्म कंपनीने काढलेला व अर्देशिर इराणी (१८८६–१९६९) यांनी दिग्दर्शित केलेला हा हिंदुस्थानी भाषेतील चित्रपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत गिरगावातील मॅजेस्टिक चित्रगृहात प्रथम प्रदर्शित झाला. कथा, अभिनय वा दिग्दर्शन यांपैकी कोणत्याही अंगाने तो असामान्य नव्हता. तथापि त्याच्या प्रदर्शनानंतर अवघ्या तीन-चार वर्षांत भारतातील मूकपटनिर्मिती संपुष्टात आली. चित्रपटाचा भाषेशी, संगीताशी, रंगभूमीशी व भांडवलाशी असलेला संबंध पालटला, आणि गीतप्रधान बोलपट हा जो घाट त्या वेळी रूढ झाला तो पुढे अनेक दशके टिकून राहिला. एका चित्रपटामुळे समग्र चित्रव्यवसायाला कलाटणी मिळाल्याचे भारतातील हे सर्वांत ठळक उदाहरण होय.

पार्श्वभूमी : दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात प्रदर्शित झाला. तेव्हापासून १९३४ पर्यंत भारतात सु. १,३०० मूकपट तयार झाले. मुंबई व कलकत्ता ही त्यांच्या निर्मितीची प्रमुख केंद्रे होती. महाराष्ट्रात नासिकची हिंदुस्थान फिल्म कंपनी व कोल्हापूरची महाराष्ट्र फिल्म कंपनी या संस्थांनी महत्त्वाची कामगिरी बजावली होती. मूकपटाला स्वतःची अशी भाषा नव्हती. प्रसंगांच्या मध्ये पडद्यावर मजकुराच्या पाट्या येत. त्या बहुधा इंग्रजी, हिंदी, उर्दू, गुजराती अशा तीन-चार भाषांतून लिहिलेल्या असत व निरक्षर प्रेक्षकांसाठी त्या मोठ्याने वाचून दाखविणारा माणूस अनेक चित्रगृहांत असे. पडद्याच्या पुढे पेटी-तबल्याची साथ चाले. त्यामुळे कोल्हापुरात तयार झालेला चित्रपट पेशावरात किंवा मद्रासेतही सारखाच चालू शके. अँग्लो-इंडियन अभिनेत्री हिंदू राजकन्येची भूमिका करी, आणि ती कोणत्या भाषेत ओठ हालविते याची कोणी चौकशी करीत नसे.

मूकपटाच्या या सर्वसंचारी गुणाचा जसा भारतीय निर्मात्यांना लाभ होई, तसाच तो परकीयांनाही होई. दिवाण बहादूर टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली १९२७-२८ मध्ये नेमलेल्या चित्रपटविषयक समितीच्या चौकशीच्या काळात भारतात दाखविल्या जाणाऱ्या चित्रपटांपैकी जेमतेम १५ टक्के भारतीय होते. उरलेले परदेशी होते आणि त्यांत अमेरिकन चित्रपटांचे प्रमाण फार मोठे होते. देशी चित्रपटाला संरक्षण कसे द्यावे हा त्या वेळचा वादाचा प्रश्न होता. त्याचे उत्तर पुढे कायद्याने नव्हे, तर ध्वनीने दिले.

‘द जॅझ सिंगर’ हा वॉर्नर ब्रदर्सचा चित्रपट ऑक्टोबर १९२७ मध्ये न्यूयॉर्क येथे प्रदर्शित झाला. त्यातील प्रत्यक्ष संभाषण अगदी थोडे होते, बाकीचा भाग मूकपटासारखाच होता. तरीही त्याच्या यशाने दोन-तीन वर्षांत हॉलिवुडमधील मूकपट मागे पडला. भारतात १९२९ साली कलकत्त्याच्या मादन थिएटर्स या संस्थेने आपल्या एल्फिन्स्टन पिक्चर पॅलेस या चित्रगृहात ‘मेलडी ऑफ लव्ह’ हा अमेरिकन बोलपट दाखविला. यानंतर मोठ्या शहरांतील चित्रगृहांत ध्वनियंत्रणा येऊ लागली. मुंबईच्या एक्सेल्सिअर चित्रगृहात युनिव्हर्सल कंपनीचा ‘शो बोट’ (१९२९) हा अंशतः बोलणारा चित्रपट पाहून इराणींनी भारतीय बोलपट काढण्याचा निश्चय केला.

निर्मिती : अर्देशिर इराणींचा जन्म पुण्याचा. चित्रव्यवसायात ते प्रथम वितरक व प्रदर्शक म्हणून आले. युनिव्हर्सल कंपनीचे चित्रपट त्यांनी मुंबईत आणले आणि अब्दुलअली युसुफअली यांच्या भागीदारीत अलेक्झांड्रा व मॅजेस्टिक ही चित्रगृहे चालविली. १९२६ मध्ये त्यांनी इंपीरियल फिल्म कंपनी स्थापन केली. म्हणजे स्वतःचे निर्मितिगृह, पगारी नट व तंत्रज्ञ आणि चित्र दाखविण्यासाठी हक्काचे चित्रगृह अशी तिन्ही अंगे त्यांच्या हाती होती. नव्या तंत्राचा धोका पत्करण्यास ही स्थिती अनुकूल होती. कलकत्त्यात मादन थिएटर्सचीही बोलपटाची तयारी चालू असल्याने इराणींनी आपले काम शक्य तितके गुप्त ठेवले.

ध्वनिमुद्रणासाठी ‘टानर’ पद्धतीची यंत्रसामग्री अमेरिकेतून आणविण्यात आली. या पद्धतीत चित्र व ध्वनी एकाच वेळी एकाच फिल्मपट्टीवर उमटत. त्यामुळे चित्रणानंतर संकलकाला कापाकापीस फारसा वाव उरत नसे व झालेली चूक सुधारणे अवघड जाई. यंत्रे जोडून देण्यासाठी विल्फर्ड डेमिंग हे अमेरिकन तंत्रज्ञ मुंबईस आले. त्यांचा रोजचा मेहनताना शंभर रुपये होता व तो कंपनीला जड वाटत असे. तेव्हा त्यांच्याकडून ध्वनिमुद्रणाचे प्राथमिक शिक्षण घेऊन इराणींनी ते काम स्वतःच्या हाती घेतले.

इंपीरियलचा स्टुडिओ ग्रँट रोड भागात केनेडी पुलानजीक रेल्वेमार्गाला लागून होता व ध्वनिरोधक भिंती त्याला नव्हत्या. मूकपटाचे चित्रण दिवसा, सूर्यप्रकाशात होई व त्या वेळी गाड्यांच्या आवाजाने काही बिघडत नसे. बोलपटाला मात्र शांतता हवी होती. म्हणून ‘आलम आरा’चे बरेचसे चित्रण आगगाड्या थांबल्यानंतर, रात्री एक ते चारच्या दरम्यान, कृत्रिम प्रकाशात करावे लागले. मायक्रोफोन पडद्यावर दिसू नयेत म्हणून ते नेपथ्यात किंवा नटांच्या जवळपास दडवून ठेवीत. पार्श्वगायनाचे तंत्र अस्तित्वात नसल्याने नटांना चित्रण चालू असतानाच गावे लागे आणि वादक चित्रचौकटीच्या बाहेर, परंतु मायक्रोफोनच्या टप्प्यात बसून साथ करीत. ही साथ पेटी, तबला व व्हायोलिन एवढ्यापुरतीच मर्यादित होती. चित्रपटास सु. चाळीस हजार रुपये खर्च आला. मूकपटाच्या मानाने ही रक्कम मोठी होती.

कथानक व स्वरूप : हा चित्रपट जोसेफ डेव्हिड यांच्या पारशी रंगभूमीवरील नाटकावर आधारलेला होता. कुमारपूरच्या राजाला दिलबहार व नवबहार या दोन राण्या असतात. नवबहारला राज्याचा वारस होईल असे एका फकिराचे भाकीत असते. मत्सरग्रस्त दिलबहार सेनापती आदिलवर अनुरक्त होते व त्याने झिडकारताच सूडबुद्धीने त्याला कैदेत टाकविते. त्याची कन्या आलम आरा भटक्या लोकांत वाढते. मोठी झाल्यावर ती राजवाड्यात येते, राजपुत्राशी तिचे प्रेम जुळते आणि अखेर दुष्ट राणीचे कारस्थान उघडकीस येऊन आदिलची मुक्तता होते. फकिराचे भाकीत, राजवाड्यातील कपट, अद्‌भुत योगायोग आणि प्रसंगोपात्त गाणी हा पारशी नाटकाचा परिचित साचाच येथे कॅमेऱ्यापुढे उभा करण्यात आला होता.

नायिकेची भूमिका जुबेदा यांनी केली. नायक मास्टर विठ्ठल हे साहसी मूकपटांचे लोकप्रिय मराठी नट. ही भूमिका स्वीकारण्यासाठी त्यांनी आधीच्या शारदा कंपनीचा करार मोडला. त्यातून उद्‌भवलेल्या दाव्यात बॅरिस्टर महंमद अली जिना यांनी त्यांची बाजू मांडली व ती यशस्वी झाली. पृथ्वीराज कपूर, जिल्लूबाई, जगदीश सेठी, सुशीला प्रभृतींच्याही त्यात भूमिका होत्या. चित्रपटात एकूण सात गाणी होती व संगीत फिरोजशाह मिस्त्री आणि बी. इराणी यांचे होते. फकिराच्या भूमिकेत वझीर मुहम्मद खान यांनी गायिलेले भिक्षेचे गीत हे भारतीय चित्रपटातील पहिले गीत मानण्यात येते.

प्रदर्शन : पहिल्या दिवशी मॅजेस्टिकपाशी एवढी गर्दी लोटली, की ती आवरण्यासाठी पोलिसांची मदत घ्यावी लागली. चार आण्यांचे तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांस विकले गेल्याचे सांगतात. रांगेत उभे राहून तिकीट काढण्याची सवय प्रेक्षकांना अद्याप नव्हती. ध्वनिमुद्रण सदोष होते व काही शब्द नीट ऐकू येत नसत, परंतु पडद्यावरची माणसे आपल्या कळत्या भाषेत बोलतात व गातात, या अनुभवापुढे ते दोष प्रेक्षकांना क्षुल्लक वाटले. चित्रपट आठ आठवडे गर्दीत चालला. त्याच वर्षी मादन थिएटर्सचे ‘जमाईषष्ठी’ हा बंगाली व ‘शिरीन फरहाद’ हा हिंदुस्थानी बोलपट प्रदर्शित झाले. १९३१ अखेर देशात सु. २८ बोलपट निघाले. १९३५ मध्ये ही वार्षिक संख्या दोनशेच्या वर गेली. भारतीय मूकपटांची निर्मिती १९३४ मध्ये थांबली.

भाषा व बाजारपेठ : बोलपटाचा पहिला व दूरगामी परिणाम म्हणजे चित्रपटाला भाषा प्राप्त झाली आणि तिच्याबरोबर सीमाही. हिंदुस्थानी बोलपटाला उत्तर भारताचा विस्तृत प्रदेश मोकळा होता, म्हणून मुंबईच्या निर्मात्यांनी तीच भाषा प्रामुख्याने पतकरली. ज्या शहराची लोकभाषा हिंदी नव्हती, ते शहर हिंदी चित्रपटाचे केंद्र व्हावे, ही भारतीय चित्रपटेतिहासातील विलक्षण घटना याच काळातील होय. ‘आलम आरा’ने पारशी रंगभूमीची उर्दूमिश्रित, सहज समजणारी हिंदुस्थानी स्वीकारली होती. हिंदी चित्रपटाची संवादभाषा पुढे दीर्घकाळ याच वळणाची राहिली.

दुसऱ्या बाजूस प्रादेशिक भाषांतील चित्रपटांचा उदय झाला. तमिळ गीत-संवादांचा व काही अंशी तेलुगूचा वापर केलेला ‘कालिदास’ (१९३१) एच्. एम्. रेड्डी यांनी इंपीरियलसाठीच दिग्दर्शित केला. मराठी व गुजराती बोलपट १९३२ मध्ये, कन्नड १९३४ मध्ये, असमिया १९३५ मध्ये, ओडिया १९३६ मध्ये व मलयाळम् १९३८ मध्ये निघाले. दक्षिणेतील निर्माते आरंभी मुंबई, कलकत्ता व कोल्हापूर येथील स्टुडिओंत जाऊन काम करीत. १९३४ च्या सुमारास मद्रासमध्ये ध्वनिमुद्रणाची सोय झाल्यावर तेथे स्वतंत्र चित्रव्यवसाय वाढीस लागला. भारताबाहेरही या लाटेचा परिणाम झाला : ‘दोख्तर-ए-लोर’ (१९३३) हा फार्सी भाषेतील पहिला बोलपट अब्दुलहुसेन सेपंता यांच्या सहकार्याने इराणींनी मुंबईत इंपीरियलमध्येच तयार केला.

भाषेची जी भिंत देशी चित्रपटांच्या वाटेत उभी राहिली, तिनेच त्यांचे रक्षणही केले. इंग्रजी बोलपट समजणारा वर्ग शहरांतील सुशिक्षितांपुरता होता. जो सामान्य प्रेक्षक अमेरिकन मूकपटांतील घोडदौडी व मारामाऱ्या आवडीने पाही, तो आपल्या भाषेतील गाण्यांच्या बोलपटाकडे वळला. रंगाचारियार समितीपुढे ज्यासाठी संरक्षक उपायांची मागणी झाली होती, ते कार्य बाजारपेठेत आपोआप घडून आले. ज्या देशांतील प्रेक्षकसंख्या थोडी होती त्यांचे देशी चित्रव्यवसाय ध्वनीच्या आगमनाने अडचणीत आले. भारतात प्रेक्षकवर्ग विशाल असल्याने विपरीत घडले.

गीत-संगीत : ‘आलम आरा’तील सात गाणी ही मोठ्या प्रवाहाची लहानशी सुरुवात होती. पुढच्याच वर्षी मादन थिएटर्सच्या ‘इंद्रसभा’त (१९३२) गाण्यांची संख्या सत्तरच्या घरात गेली. पाश्चात्त्य देशांत संगीतिका हा चित्रपटाचा एक प्रकार ठरला, तर भारतात गाणी हे चित्रपटमात्राचे अंग झाले. याचे मूळ पारशी व मराठी संगीत नाटकांत, कीर्तनात, तमाशा-नौटंकीसारख्या लोकनाट्यांत आढळते. गाण्यावाचून नाट्यकथा ही कल्पनाच येथील प्रेक्षकाला अपरिचित होती. मूकपटाने ही गरज जवळजवळ दीड तप दाबून धरली होती व ध्वनी येताच ती उफाळून वर आली. संगीतदिग्दर्शक, गीतकार व संवादलेखक हे चित्रव्यवसायातील नवे घटक बनले. न्यू थिएटर्सच्या ‘भाग्यचक्र’ (बंगाली) व ‘धूप छाँव’ (हिंदी, १९३५) या चित्रपटांपासून पार्श्वगायनाची पद्धत सुरू झाली आणि गाणारा व दिसणारा या दोन स्वतंत्र व्यक्ती असू शकतात हे मान्य झाले. तोपर्यंतच्या चार वर्षांत मात्र गळा नसलेल्या नटाला चित्रपटात स्थान मिळणे दुरापास्त होते. चित्रगृहांत पेटी-तबला वाजविणाऱ्या आणि पाट्या वाचणाऱ्या माणसांचे काम तर कायमचेच गेले.

नटवर्ग : बोलपटाने नटनटींची नव्याने पारख केली. इंपीरियलच्या सर्वांत लोकप्रिय व सर्वाधिक वेतन घेणाऱ्या अभिनेत्री सुलोचना (रूबी मायर्स) यांना हिंदुस्थानी बोलता येत नसल्याने ‘आलम आरा’त घेण्यात आले नाही. त्यांनी काही काळ चित्रणापासून दूर राहून भाषा आत्मसात केली आणि ‘माधुरी’ (१९३२) या बोलपटाद्वारे पुनरागमन केले. नंतर स्वतःच्या गाजलेल्या मूकपटांच्या बोलक्या आवृत्त्यांतूनही त्यांनी कामे केली. सर्वांनाच हे साधले नाही. खुद्द मास्टर विठ्ठल यांचे हिंदुस्थानी उच्चार समाधानकारक नसल्याने त्यांना ‘आलम आरा’त मोजकेच संवाद देण्यात आले व अनेक प्रसंगांत अर्धवट शुद्धीत दाखविण्यात आले. पहिल्या बोलपटाचा नायक पुरेसा बोलू शकत नव्हता, हा त्या संक्रमणाचा बोलका दाखला आहे. उलट पृथ्वीराज कपूर यांच्यासारख्या, रंगभूमीवर आवाज कमावलेल्या नटांना नव्या माध्यमाने पुढे आणले.

भांडवल व स्टुडिओ : मूकपट थोडक्या साधनांत काढता येई. एखादा कॅमेरा, मोकळे पटांगण व हौशी मंडळी एवढ्यावर अनेक संस्था उभ्या राहिल्या होत्या. बोलपटाला ध्वनिमुद्रण यंत्रे, बंदिस्त व आवाजरोधक चित्रणगृह, विजेचे दिवे व प्रशिक्षित तंत्रज्ञ यांची आवश्यकता होती. चित्रगृहमालकांनाही नवी प्रक्षेपणयंत्रे घ्यावी लागली. हा खर्च न झेपलेल्या अनेक लहान संस्था बंद पडल्या. देशातील सर्वांत मोठी चित्रगृहसाखळी बाळगणारी मादन थिएटर्सही या काळात डबघाईस आली व चित्रगृहांवरील तिचा ताबा गेला. त्यांची जागा मोठ्या, सुसज्ज स्टुडिओंनी घेतली. कलकत्त्याची न्यू थिएटर्स (१९३१), पुण्याला स्थलांतरित झालेली प्रभात (१९३३), मुंबईची बॉम्बे टॉकीज (१९३४) व पूर्वीचीच रणजित या त्यांतील प्रमुख संस्था होत. कायम वेतनावरील कलावंत, स्वतंत्र ध्वनिविभाग व विशिष्ट शैली ही त्यांची वैशिष्ट्ये होती.

या बदलाची सर्वांत मोठी झळ ज्यांना लागली, त्यांत दादासाहेब फाळके यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. त्यांचा ‘सेतुबंधन’ (१९३२) मूकपट म्हणून तयार झाला. प्रेक्षक बोलपटाकडे वळल्यामुळे पुढे त्याला ध्वनीची जोड द्यावी लागली. ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा एकमेव बोलपट कोल्हापूर सिनेटोनसाठी काढलेला असून तोच त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला. ज्याने हा व्यवसाय भारतात रुजविला, त्याच्याच हातून तो नव्या यंत्राने काढून घेतला.

मराठी चित्रपट व रंगभूमी : मराठीत बोलपटाचा परिणाम विशेष तीव्रतेने जाणवला. कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने (स्थापना १९२९) ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) हा व्ही. शांताराम दिग्दर्शित बोलपट मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत एकाच वेळी काढला. गोविंदराव टेंबे व दुर्गा खोटे यांच्या त्यात प्रमुख भूमिका होत्या आणि संगीतही टेंबे यांचेच होते. विष्णुपंत दामले यांनी ध्वनिमुद्रणाचे तंत्र अभ्यासून प्रभातच्या ध्वनीला दर्जा मिळवून दिला. दुर्गा खोटे यांच्यासारख्या सुशिक्षित, प्रतिष्ठित घराण्यातील स्त्रीने पडद्यावर यावे, ही गोष्ट चित्रव्यवसायाची सामाजिक प्रतिष्ठा वाढविणारी ठरली. दादासाहेब तोरणे यांच्या पुण्यातील सरस्वती सिनेटोनचा ‘श्यामसुंदर’ही (१९३२) अत्यंत यशस्वी झाला. भारतीय भाषांतील साहित्यिकांप्रमाणेच वि. स. खांडेकर, प्र. के. अत्रे प्रभृती मराठी लेखक पटकथा व संवाद यांकडे वळले. ‘संत तुकाराम’ (१९३६) या दामले-फत्तेलाल दिग्दर्शित चित्रपटाचा व्हेनिस येथील चित्रपटमहोत्सवात १९३७ मध्ये गौरव झाला. त्यातील तुकारामांची भूमिका करणारे विष्णुपंत पागनीस मूळचे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे गायक नट होते.

मराठी संगीत रंगभूमीच्या ऱ्हासास बोलपट कारणीभूत झाला, असे नेहमी म्हटले जाते. ते अंशतःच खरे आहे. नाटक मंडळ्यांचा अफाट खर्च, कर्जबाजारीपणा, त्याच त्या नाटकांची पुनरावृत्ती व पल्लेदार गाण्यांमुळे लांबणारे प्रयोग यांमुळे हा व्यवसाय आधीच खिळखिळा झाला होता. बोलपटाने त्याला अखेरचा धक्का दिला. तेच गायन, तशीच कथानके थोड्या आण्यांत व दिवसातून अनेक वेळा उपलब्ध होऊ लागताच प्रेक्षक तिकडे गेला. पाठोपाठ नट व गायक गेले, आणि गावोगावच्या नाट्यगृहांत चित्रपटांचे पडदे लागले. बालगंधर्व यांनीही प्रभातच्या ‘धर्मात्मा’त (१९३५) एकनाथांची भूमिका केली, तथापि हा सहयोग त्या एका चित्रपटापुरताच टिकला. रंगभूमीवर स्त्रीरूपात त्यांनी निर्माण केलेली मोहिनी कॅमेऱ्यापुढे पुरुषवेषात साकार होऊ शकली नाही. एका माध्यमातील सिद्धी दुसऱ्या माध्यमात जशीच्या तशी नेता येत नाही, हे यावरून दिसून येते.

मूल्यमापन : ‘आलम आरा’ निघालाच नसता, तर भारतात बोलपट आला नसता काय? तसे म्हणता येणार नाही. मादन थिएटर्सचे बोलपट त्याच वर्षी तयार होते व इतरही संस्था प्रयत्नात होत्या. तेव्हा बोलपटाच्या आगमनाचे सर्व श्रेय या एका चित्रपटाला देणे अनैतिहासिक ठरेल. परंतु त्याच्या यशाने दोन गोष्टी निश्चित केल्या. सदोष ध्वनी व वाढलेला खर्च असूनही देशी भाषेतील बोलपट किफायतशीर होतो, हे त्याने प्रत्यक्ष तिकीटविक्रीने सिद्ध केले आणि साशंक निर्मात्यांची द्विधा संपविली. दुसरे म्हणजे हिंदुस्थानी संवाद, पारशी नाटकाची रचना व गीतांची पेरणी यांतून बोलपटाचा जो नमुना त्याने पुढे ठेवला, तोच अनुकरणीय ठरला. बोलपट केव्हा यावा हे काळाने ठरविले होते. तो कसा असावा हे ठरविण्यात ‘आलम आरा’चा वाटा मोठा होता.

याच संदर्भात इराणींचाच दुसरा प्रयत्न उद्‌बोधक आहे. ‘किसान कन्या’ (१९३७) हा भारतात प्रक्रिया केलेला पहिला रंगीत चित्रपट त्यांनी काढला. मोती गिडवाणी त्याचे दिग्दर्शक होते व कथा सआदत हसन मंटो यांची होती. नवलाईच्या दृष्टीने ही घटना पहिल्या बोलपटाइतकीच मोठी होती आणि निर्मातासंस्थाही तीच होती. परंतु तिने व्यवसायात काहीच उलथापालथ केली नाही. रंगीत चित्रपट भारतात सर्वत्र रूढ होण्यास आणखी तीन दशके लागली. कारण रंगाने चित्र अधिक आकर्षक झाले, तरी प्रेक्षकाची कोणतीही दबलेली गरज त्यातून पुरी झाली नाही, आणि खर्च मात्र वाढला. ध्वनीने भाषा दिली व गाणे दिले, आणि या दोन्हींची वाट प्रेक्षक दीर्घकाळ पाहत होता. यंत्राची नवलाई, धंद्याची सिद्धता व समाजाची अपेक्षा या तिहींचा मेळ बसतो, तेव्हाच एखादा चित्रपट युगप्रवर्तक ठरतो. ‘किसान कन्या’नंतर वर्षभरातच, १९३८ मध्ये, इंपीरियल कंपनी बंद झाली.

लाभाबरोबर हानीचीही नोंद केली पाहिजे. मूकपटाने केवळ दृश्यांतून कथा सांगण्याची जी शैली घडविली होती, ती बोलपटाच्या पहिल्या वर्षांत लोपली. मायक्रोफोनच्या भोवती जखडलेला कॅमेरा स्थिर झाला आणि चित्रपट पुन्हा एकवार नाटकासारखा दिसू लागला. ही कोंडी फोडण्यास शांताराम, देवकी बोस, प्रमथेश बरुआ यांसारख्या दिग्दर्शकांना काही वर्षे खर्ची घालावी लागली. जुने मूकपट निरुपयोगी ठरल्याने त्यांच्या जतनाकडे कोणी लक्ष दिले नाही, आणि सु. १,३०० मूकपटांपैकी आज अगदी थोडेच, तेही बहुतेक त्रुटित स्वरूपात, उपलब्ध आहेत.

ज्या चित्रपटाने हे घडविले त्याचीही गत निराळी झाली नाही. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज अस्तित्वात असल्याचे ज्ञात नाही. त्या काळची फिल्मपट्टी नायट्रेटची, झटकन पेट घेणारी व लवकर विरणारी असे. तिच्यातील चांदी काढून घेण्यासाठीही जुन्या प्रती विकल्या जात. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले, तोवर उशीर झाला होता आणि या चित्रपटाची प्रत त्याच्या हाती कधीच लागली नाही. काही छायाचित्रे, जाहिराती व समकालीनांच्या आठवणी एवढीच त्याची सामग्री उरली आहे. उपलब्ध भारतीय बोलपटांत सर्वांत जुना म्हणून आता ‘अयोध्येचा राजा’कडेच बोट दाखवावे लागते. भारतीय पडद्याला प्रथम वाणी देणारा हा चित्रपट आज ना पाहता येतो, ना ऐकता येतो. मात्र त्याने रूढ केलेला गीतप्रधान बोलपटाचा घाट त्यानंतरच्या असंख्य चित्रपटांतून टिकून राहिला आहे.